तळ्याकाठी कुत्रे फिरवण्याची जागा आणि वेळ ठरवून द्यावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात तळ्याकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींची पाळीव कुत्र्यांच्या घाणीविषयीची तक्रार आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या महिन्याभरात दोनतीनदा वाचली. मी स्वतः कुत्रा पाळतो, म्हणजे या प्रकरणात मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. तरीही त्या तक्रारी बहुतांशी खऱ्या आहेत, हे आधीच मान्य करून टाकतो. माझे म्हणणे आहे ते त्यावर सुचवलेल्या उपायाबद्दल. ‘कुत्र्यांना सरसकट बंदी करा’ असे एका पत्रलेखकांनी लिहिले आहे. अशी बंदी शहरातल्या एका उद्यानाच्या फाटकावर मी अनुभवली आहे. पहारेकऱ्याने हात आडवा केला, मी मागे वळलो आणि कुत्र्याला घेऊन शेजारच्या वसाहतीतल्या गल्लीत शिरलो. जी घाण उद्यानाच्या कडेला झाली असती ती कुणाच्या तरी दारात झाली, एवढाच त्या बंदीचा परिणाम.

हे दार कुणाचे तेही सांगतो. भल्या सकाळी एक बाई अंगणात सडा टाकून रांगोळी काढत होत्या. ठिपके मांडून झाले होते, रेघा जोडायच्या राहिल्या होत्या. माझ्या कुत्र्याने नेमकी तीच जागा निवडली. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. आत गेल्या, बादली घेऊन आल्या आणि ठिपक्यांसकट सगळे धुऊन काढले. त्या दिवसापासून माझ्या खिशात रद्दीचे घडी केलेले तुकडे आणि एक पिशवी असते. (आपल्या दैनिकाची रद्दी या कामी येते, हे संपादक महाशयांनी मनावर घेऊ नये.)

या विषयावर लिहावेसे वाटण्याचे दुसरे कारण असे की दिवाळीनंतर सुमारे दोन महिने मी रत्नागिरीला मुलीकडे राहून आलो. कुत्रा बरोबर होता. सोलापुरातून रत्नागिरी-नागपूर महामार्ग धरला की मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट करून माणूस थेट समुद्राशी पोचतो. आमचा हिरा कारवानी जातीचा आहे. विजापूर-बागलकोट भागात आणि आपल्याकडच्या माळरानावर सशाच्या मागे धावण्यासाठी पूर्वापार पाळलेले हे उंच, सडपातळ कुत्रे. मुधोळच्या नावाने ते अधिक ओळखले जाते आणि 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली, त्यांतल्या एकावर मुधोळला जागा मिळाली होती. ही जात वासापेक्षा नजरेवर धावते. दूरवर काही हलले की कान टवकारतात आणि दोरी हातात नसेल तर पुढचे आपल्या हाती राहत नाही. मांडवीच्या धक्क्यावर बसलेले कुरव पक्षी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझा खांदा निखळायचाच बाकी राहिला होता.

बंदराच्या गावात कुत्रा फिरवणे सोपे असेल, मोकळा किनारा पडला आहे, असे मी समजून गेलो होतो. तसे मुळीच नाही. मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात पहिल्याच सकाळी धक्क्यावर निळीहिरवी जाळी पसरलेली होती आणि चारपाच जण मांडी घालून ती दुरुस्त करत बसले होते. हिरा सरळ त्यावरून चालू लागला आणि तिसऱ्या पावलाला त्याचे नख जाळ्याच्या आसात, म्हणजे विणीतल्या भोकात, अडकले. तो ओढू लागला तसे जाळे आवळत गेले. त्यांच्यातले एक वयस्कर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, उठले, कुत्र्याचा पाय गुडघ्यावर घेतला, दोन बोटांनी दोरा सैल करून नख सोडवले आणि मग मला शांतपणे समजावले, की जाळे वाळत किंवा दुरुस्तीला पसरलेले असताना कुत्र्याला बाहेरच्या भिंतीकडून न्यावे, कारण एक ओढ बसली की अर्ध्या दिवसाचे काम वाया जाते आणि कुत्र्याचे नख मुळापासून उपटते ते वेगळेच. लिलाव चालू असताना मात्र त्या बाजूला फिरकायचेच नाही. मासळीच्या पाट्या जमिनीवर असतात, ते लोकांच्या पोटात जाणारे अन्न आहे. हे एका मासळीवालीने मला सांगितले, ते शांतपणे नव्हे.

हळूहळू लक्षात आले की तिथे कुठेही फलक लावलेला नाही, पण प्रत्येक जागेची एक वेळ आहे आणि ती सगळ्यांना पाठ आहे. बोटी लागतात तेव्हा धक्का त्यांचा. मासळी उचलून फरशी धुतली की माणसे फिरतात आणि कुत्रेही. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनातून ऊन चढेपर्यंत हिंडता येते, पण वाळूवर किती जागा मिळणार हे भरती ठरवते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिराने येते, म्हणून तिथे फिरायला जाण्याची वेळ घड्याळावर ठरत नाही, तिथीवर ठरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची आणि ती पूर्ण भरतीची वेळ धरायची, असा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, थोडे मागेपुढे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी वरपर्यंत चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी. आम्ही सोलापूरकर पंचांग उघडतो ते उपासासाठी किंवा मुहूर्तासाठी. कुत्र्याला फिरवायला नेण्यासाठी मी ते आयुष्यात पहिल्यांदा उघडले.

तिथले धोकेही तिथलेच आहेत. जाळ्यातली निवड करताना खलाशी जे मासे बाजूला फेकतात त्यांत केंड असतो, डिवचला की अंग फुगवणारा. त्याच्या अंगातले विष शिजवल्यानेही जात नाही, त्यावर उतारा नाही, आणि कुत्र्याने तो खाल्ला तर आधी पाय लटपटतात आणि मग श्वास घेणारे स्नायूच लुळे पडतात. हिऱ्याने एकदा तो हुंगला मात्र, तेवढ्यात एका पोरसवदा खलाशाने पायाने तो पाण्यात ढकलला. कुणी सांगितले म्हणून नव्हे. बंदरावर आलेल्या कुत्र्याकडे लक्ष ठेवणे त्याला आपोआप सुचले. शिवाय दगडांच्या फटीत गळ अडकलेले असतात, त्यांच्या नायलॉनच्या दोऱ्या पायात गुंततात. तहानेने समुद्राचे पाणी प्यायला तर ओकाऱ्या आणि जुलाब ठरलेले, म्हणून प्यायच्या पाण्याची बाटली जवळ हवी आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने पंजे धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला हव्यात. रत्नागिरी जिल्ह्याच्या काही किनाऱ्यांवर थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वाळूत अंडी घालतात. कुत्री ती उकरून खातात, म्हणून अंडी कुंपणात हलवून ठेवावी लागतात. अशा किनाऱ्यावर कुत्रा मोकळा सोडणे मला तरी अक्षम्य वाटते.

गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या, यात्रेआधी सोलापूर गाठायचे म्हणून आम्ही परतलो. आणि इथे आल्यावर जाणवले की आपल्याकडे जागा कमी आहे असे नाही, ती वाटून घेतलेली नाही.

सिद्धेश्वर तलावाचे उदाहरण घ्या. तिथे पाण्याच्या मधोमध ग्रामदैवताचे मंदिर आहे, भाविक अनवाणी चालतात. त्या काठावर कुत्रा नेऊ नये, हे मला कुणी सांगण्याची गरज नाही आणि कुणी परवानगी दिली तरी मी नेणार नाही. यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम असते त्या रात्री तर कुत्र्याला घराबाहेर काढणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आमचा त्या रात्री पलंगाखालून बाहेर येत नाही. धर्मवीर संभाजी तलावाची गोष्ट निराळी आहे. जुनी माणसे ज्याला अजून कंबर तलाव म्हणतात त्या या तलावाचा परिसर मोठा आहे. त्यातला एखादा पट्टा ठराविक वेळेपुरता कुत्र्यांसाठी राखता येईल, उरलेल्या काठावर कुत्रे आणू नयेत असे ठरवता येईल आणि थंडीत पाणपक्षी जिथे उतरतात ती बाजू कायमची वगळता येईल. माणसांना चालायला मोकळा रस्ता मिळेल आणि आमची तक्रार राहणार नाही.

वेळेचा मुद्दा आपल्याकडे अधिक महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे भरती नसली तरी ऊन आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि डांबरी रस्ता हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवता आली नाही तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पंजेही भाजतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. चपट्या नाकाच्या विलायती जातींना तर तेही नीट जमत नाही, आणि अशी कुत्री या शहरात हौसेने विकत घेतली जातात याचे मला नेहमी नवल वाटते. उन्हाळ्यात सकाळी सातनंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी कुत्रा बाहेर काढणे योग्य नाही. म्हणजे राखून ठेवायची वेळ मुळातच थोडी आहे. माळावरच्या वाटेने गेलो तर पंजात गोखरू रुततात आणि कानामागे गोचीड चिकटतात, ते घरी आल्यावर रोज तपासावे लागते. साचलेल्या पाण्यावर हिरवा तवंग दिसला तर ते पाणी कुत्र्याला चाटूही देऊ नये. त्यातले शेवाळ विषारी असू शकते.

आता आमच्या बाजूचे कर्तव्य. कुत्रा दोरीवर असलाच पाहिजे आणि ती दोरी आखूड हवी. दहा हात लांब दोरी सोडून मालक मोबाइलवर बोलत चालला असेल तर तो कुत्रा मोकळाच समजावा. विष्ठा उचलणे ही मालकाची जबाबदारी आहे, सफाई कामगाराची नव्हे. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी आणि परवान्याचा बिल्ला गळ्यात असावा. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे आमच्यातल्या किती जणांना माहीत आहे याची मला शंका आहे. ‘आमचा चावत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकले की मी रस्ता बदलतो. आणि तरीही चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. हळद-चुना लावत बसू नये.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे आणि या पत्राचा तो विषय नाही. पण त्यांच्या टोळ्या वाटेत असतात म्हणूनच पाळीव कुत्री मुख्य रस्त्यावर आणि तळ्याकाठी येतात, हे नमूद करायला हवे. प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 प्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून ही कुत्री मूळ जागी सोडायची असतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात त्यांना खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा नेमण्यास सांगितले आहे. अशा जागा फिरायच्या वाटेवर नेमू नयेत, एवढीच विनंती. भाकरीचे तुकडे जिथे पडतात तिथे टोळी उभी राहते, आणि त्यातून दोरीला बांधलेला कुत्रा नेणे म्हणजे भांडण ओढवून घेणे.

म्हणून शहर प्रशासनाला माझी विनंती अशी की, संभाजी तलावाच्या परिसरातला एक ठराविक पट्टा पहाटे साडेपाच ते सात आणि रात्री आठ ते नऊ एवढ्या वेळेत कुत्रे फिरवण्यासाठी मोकळा ठेवावा, तसा ठळक मराठी फलक लावावा, विष्ठा न उचलणाऱ्याला जागेवर दंड करावा आणि एक झाकणाची पेटी तिथे बसवू द्यावी. पेटीचा खर्च आम्ही सकाळी भेटणारे सात जण करायला तयार आहोत. ती रोज रिकामी करण्याच्या पाळ्याही आम्ही वाटून ठेवल्या आहेत. सोमवार माझा आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
विजापूर रस्ता, सोलापूर