सहीसाठी धावून आलेल्या काकू-काकांना

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. नवरा हिंदू. धर्म कुणालाच बदलायचा नव्हता, म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. हरकतींसाठीचे तीस दिवस सरले, मग सासऱ्यांच्या आजारपणात तारीख लांबत गेली आणि नोटिशीच्या तीन महिन्यांच्या मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. साक्षीदार तीन लागतात. आला एकच, नवऱ्याचा मित्र. माझ्या दोन्ही नातेवाइकांनी फोन बंद ठेवले होते.

विवाह नोंदणी कार्यालयात बाकावर शेजारी एक काकू भाचीच्या लग्नासाठी बसल्या होत्या. "काय झालं गं?" एवढंच विचारलं. सगळं ऐकून घेतलं, पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि हाक मारली, "अहो, इकडे या, सही करायचीय." काका काही न विचारता आले.

अर्जात माझा धर्म 'इतर' असा पडला होता. राज्याने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तरी हा शब्द माझी पाठ सोडत नाही. तिथल्या लिपिकभाऊंनी जेवणाचा डबा बाजूला सारून 'ज्यू' असं नव्याने टाइप केलं.

सह्या झाल्यावर काकूंनी भाचीसाठी आणलेला एक गजरा माझ्या केसांत माळला. "तुमच्यात काय करतात गं लग्नात?" मी मलिद्याचं, आमच्या आभाराच्या विधीचं सांगितलं: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव. "मग पोहे खायला बोलाव हं!"

गडबडीत नंबर घ्यायचा राहिला. काकू, काका, भाऊ, मनापासून आभार. पोहे अजून माझ्याकडे बाकी आहेत.