मातीचा माणूस आणि रात्रीची गोळी

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत मनाच्या आजारांवर लेख होता. त्यात ‘ख्रिस्ती धर्माला शरीर गौण, आत्मा तेवढा खरा’ असे वाक्य आहे. लेखकाला काय बोलू? आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बाकांवरही हेच ऐकते.

बायबलच्या जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘नेफेश’ म्हणजे घसा, श्वास, जीव. मराठी बायबलात त्याला बऱ्याच ठिकाणी ‘जीव’ म्हटले आहे, आणि ‘जीव घाबरा झाला’ म्हणणाऱ्या आपल्याला ते चटकन कळावे. ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस जीवधारी होतो. जीव वेगळा आणून आत ठेवला, असे तिथे नाही. उपासनेत मतांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणताना आम्ही ‘शरीराचे पुनरुत्थान’ही म्हणतोच की!

माझे यजमान निवृत्त झाले आणि त्यांची झोप उडाली. जेवण तुटले, तासन् तास भिंतीकडे बघत बसायचे. प्रार्थनासभेतले एक वडीलधारे म्हणाले, “बाई, विश्वास कमी पडतोय. उपवास धरा.” ज्याला घास गिळवत नव्हता त्याला उपवास! आणि मीही तो धरायला लावला, हे लिहिताना लाज वाटते.

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, तो भाग (१ राजे १९) मी शाळेत मुलांना कितीदा सांगितला असेल. देवदूत त्याला विश्वासाबद्दल एक शब्द विचारत नाही. ‘ऊठ, खा,’ म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा खाऊ घालतो. देवाशी बोलणे त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर.

मग मी यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, अशा घरांना आधी तिकडेच पाठवावे आणि प्रार्थनेला घरी यावे, एवढेच मागणे आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्यच होता.

पण सगळे गोळीवर सोडून चालत नाही, हेही पाहिले. झोप गोळीने आली. धाकट्या भावाशी अकरा वर्षांचा अबोला होता, तो तिने सुटला नाही. त्याची क्षमा मागायला हे स्वतः एसटीने शेवगावला गेले. मुक्काम पडला, म्हणून रात्रीची गोळी मी पिशवीत घातली होती.

— एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर