वाकड्या शिंगाची म्हैस

सांगली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू बँकेतल्या विम्याच्या टार्गेटबद्दलच बोलत राहिलीस. सांगोल्यात खोली कशी आहे, डबा कोणाचा लावलास, हे विचारायचं राहिलंच. त्यावरून आईनं मला सुनावलंही. फोनवर मला पटकन सुचत नाही, म्हणून लिहितोय.

तर ते निवृत्त गुरुजी. मुदत संपलेली तीन लाखांची ठेव-पावती, आणि साहेब म्हणतात पैसे विमा पॉलिसीत वळव. "बाबा, ते तर सही करायला तयार होते, मी सांगतेय म्हणून," असं तू म्हणालीस. अगं, तिथंच तर घोडं पेंड खातंय. दरवर्षी तीन लाख भरायचे आहेत आणि मध्येच सोडलं तर नुकसान आहे, हे त्यांना ठाऊक आहे का? त्यांनी विचारलं नाही म्हणून आपण सांगायचं नाही, असं नसतं. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे: दर वर्षी किती, किती वर्षं, थांबलं तर हातात काय येणार. कागद घरी नेऊ दे, मुलाला दाखवू दे. मग करू दे सही. बहुतेक करणार नाहीत आणि तुझं टार्गेट हुकेल.

तेच तीन लाख ठेवीत राहिले तर त्यांचं काय होतं बघ. थोडे रिझर्व्ह बँकेकडे पडून राहतात, थोडे सरकारी रोख्यांत जातात, आणि उरलेल्यातून तुमच्याकडच्या एखाद्या डाळिंबवाल्याचं ठिबक होतं. गुरुजी उद्या सकाळी पैसे मागू शकतात, डाळिंबवाल्याच्या नव्या बागेला मात्र दोन-अडीच वर्षं फळ नाही. दोघांच्या मध्ये टेबल टाकून तू बसली आहेस. बँक म्हणजे एवढंच, बाकी सगळी सजावट. म्हणून हप्ता बांधताना कॅलेंडर बघू नकोस, बहार बघ. शेतकऱ्यानं फळासाठी मृग बहार धरलाय की हस्त, हे न विचारता लावलेला हप्ता पहिल्याच वर्षी थकतो. आणि बागेवर तेल्या रोग आला तर तो फोन उचलायचा बंद व्हायच्या आधी तू बागेत जाऊन ये.

ठेवीदारांचा भरवसा तुटला की काय होतं, ते आमच्या आधीच्या पिढीनं पाहिलं. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्याच वर्षी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँकही. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला, तोही फक्त १,५०० रुपयांपर्यंत. आज तो ५ लाख आहे. १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारनं घेतल्या, तेव्हा देशभरात जेमतेम आठ हजारांवर शाखा होत्या आणि त्यातला चौथा हिस्साही खेड्यांत नव्हता. खेड्यात कर्ज म्हणजे सोसायटी, नाहीतर सावकार. पुढं शाखा खेड्यांत गेल्या, आणि माझ्यासारख्या शेती पदवीवाल्याला बँकेत नोकरी लागली. राष्ट्रीयीकरणाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मीही कधीकधी ठेवतो. पण या घराच्या पायात ते आहे.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगतो. १९८६ च्या मार्चमध्ये मी म्हशींची कर्जं करत होतो. सरकारी योजना, अर्धवट अनुदान, आणि वरून आकडा आलेला. एका वस्तीवर म्हैस दाखवली. धिप्पाड, डावं शिंग खाली वळलेलं आणि टोक तुटलेलं. कानात विम्याचा बिल्ला मारला, फोटो काढला, काम झालं. आठ दिवसांनी दुसऱ्या गावात गेलो, तर दावणीला तेच शिंग! बिल्ल्याच्या जागी कानाला ताजी चीर, वर हळद लावलेली. मालक माझ्याकडं बघेना. दलाल तेवढा हसत होता, "साहेब, चहा घ्या."

चहा घेतला. आणि सहीही केली. मार्चअखेरला चार दिवस उरले होते आणि मला आठ खाती कमी पडत होती.

पुढं कळलं, त्या दोघांच्याही हातात जेमतेम निम्मे पैसे पडले, बाकीचे दलालाच्या खिशात. म्हैस कोणाच्याच गोठ्यात राहिली नाही. खाती थकली. वसुलीला मीच जायचो, आणि दुसऱ्या गावचा तो माणूस दारातच उभा राहून म्हणायचा, "साहेब, तुम्ही तर बघितलं होतं." पुढं १९९० च्या दहा हजारांपर्यंतच्या कर्जमाफीत दोन्ही खाती निघाली. कागदावर मी सुटलो.

म्हणून तुझ्या साहेबांवर मी फार बोलणार नाही. त्यांच्यावरही वरून आकडा येतो. पण मार्चअखेरचे ते चार दिवस तुझ्यावर येतील तेव्हा ते शिंग आठव.

मार्चमध्ये आणखी एक बघशील, पीककर्जाचं नवं-जुनं. शेतकरी सावकाराकडून एका दिवसापुरते पैसे आणून सकाळी भरतो, संध्याकाळी नवं कर्ज उचलून त्याला व्याजासकट परत देतो. शाखेची वसुली झकास दिसते. भरणा आला की एकदा विचारत जा, माल कुठं विकला? विक्रीची पट्टी दाखवली तर ठीक. खाली बघायला लागला तर त्याला खुर्ची दे, चहा मागव आणि खातं उघडून बस.

आईनं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी केली आहे, येत्या शनिवारी एसटीनं पाठवतो. स्टँडवर घ्यायला जा. आणि गुरुजींनी काय केलं ते कळव.

तुझा,
बाबा