जिन्यात बसणाऱ्या त्या मुलाविषयी

चि. डॅनियल यास,

प्रभूच्या नावात अनेक आशीर्वाद.

काल तुझा आवाज चढला, माझाही चढला, आणि बाबांनी मध्येच फोन काढून घेतला, म्हणून हे पत्र. तुमची प्रार्थना-संगती वाढते आहे, पाळकसाहेबांनी तुला पुढल्या महिन्यात वचन सांगायला बोलावले आहे, हे ऐकून मला किती आनंद झाला ते बाबांना विचार. सुशीलामावशीला तर मी त्याच रात्री कळवले. खोलीतल्या त्या मुलाविषयी मी काही लिहिणार नव्हते. पण तुम्ही शुक्रवारी प्रार्थनेला बसलात की तो पुस्तक घेऊन बाहेर जिन्यात, दिव्याखाली जाऊन बसतो, तुमचे शेवटचे गीत संपेपर्यंत, हे तू हसत सांगितलेस आणि ते हसणे माझ्या कानातून जात नाही. त्याने भाड्याचा वाटा थकवला, हे मान्य. पण भाडे थकले म्हणून बोलणेही थांबवायचे?

'आई, रक्कम थोडी नाही,' असे तू म्हणालास. नसेल. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातला तो दाखला तुला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे, तरी एकदा हिशेब म्हणून वाच. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. तेव्हा सोबतीच्या दासाकडून येणे असलेले शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक कमाई झाली, आणि हे येणे क्षुल्लक होते असे प्रभू कुठेही म्हणत नाही. मात्र हे येणे ज्या दासाचे होते, त्याला स्वतःला धन्याने दहा हजार तलांतांचे कर्ज सोडले होते, आणि एका तलांताचे सुमारे सहा हजार दीनार होत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. इतके माफ झालेला माणूस बाहेर पडतो आणि समोर आलेल्या सोबत्याचा गळा धरतो. तू गळा धरला नाहीस, खोलीत कोणी नाहीच अशा रीतीने तू त्याच्या शेजारून जातोस. मला यात फार फरक दिसत नाही.

हे प्रवचन झाले, माफ कर. घरात प्रवचन करायला आता तू आहेस.

तुझे आजोबा मंडळीचे खजिनदार असताना एका गृहस्थांनी भरसभेत त्यांच्या हिशेबावर शंका घेतली होती. वह्या तपासल्या, एका पैचा फरक निघाला नाही, पण ते गृहस्थ पुढे काही बोलले नाहीत, आणि आजोबांचा ताठा तर तुझ्यातच उतरला आहे. मग प्रभुभोजनाचा रविवार आला. आदल्या संध्याकाळी ते वेळेवर घरी आले नाहीत म्हणून आजीने मला शोधायला पाठवले, तर त्याच गृहस्थांच्या दाराशी त्यांचे झिजल्या टाचांचे बूट काढून ठेवलेले होते आणि आत दोघे छपराच्या गळतीविषयी बोलत होते. क्षमेचा शब्द निघाला की नाही, हे मी कधी विचारले नाही. आम्हा भावंडांना त्यांनी क्षमेवर कधी काही सांगितल्याचेही मला आठवत नाही. पण वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावा, हे मत्तयाच्याच ५व्या अध्यायातले वचन वाचताना मला ते बूटच दिसतात. आणि तिथे नीट पाहा, तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे आहे. दोष कोणाचा, हा प्रश्न तिथे निघतच नाही. जिन्यात बसणाऱ्या त्या मुलाच्या मनात काय आहे, हे तू कधी विचारलेस का?

पुन्हा तिथेच आले मी.

तुझ्या चांगुलपणाविषयी मला शंका नाही. दादाच्या आजारपणात तू रात्र रात्र जागलास आणि बाहेर कुणाला कळू दिले नाहीस, हे मी विसरणार नाही. पण आता लोक तुझे ऐकू लागले आहेत, आणि वचन चांगले सांगता येऊ लागले की आपण तसे जगतोच आहोत असे माणसाला वाटू लागते. डेव्हिडमामांचे काय झाले ते आपण पाहिले. मंडळीला तुझे रविवारचे तेवढे दिसते. एका खोलीत राहणाऱ्याला मात्र तू भांडी कुणाच्या वाट्याला ठेवतोस, फोनवर आईशी कसा बोलतोस, हे सगळे दिसते.

त्याला संगतीत बसवच, असे मी म्हणत नाही; उलट तसा आग्रह मुळीच करू नकोस. येणे सोडून दे, असेही नाही. मागायचे ते एकांतात माग, चौघांसमोर नको, एवढेच. शुक्रवारची बैठक दुसऱ्या कुणाच्या खोलीवर घेता येईल का, तेही पाहा. ती खोली त्याचीही आहे.

भाड्याला कमी पडत असेल तर मला सांग, दादाकडे मागू नकोस, त्याचे औषधपाणी अजून चालू आहे. वचन सांगायला उभा राहशील तेव्हा तो निळा शर्ट घाल. आणि त्याआधी त्या मुलाशी बोल. काय बोलावे हे सुचत नसेल तर त्याची परीक्षा कधी आहे, तेवढेच विचार. बोललास की कळव. नाही बोललास तरी कळव.

तुझी,
आई