नैराश्याआड दडलेला मंत्रचळ

मा. संपादक,

मानसिक आरोग्यावर आपल्या दैनिकात अधूनमधून लेख येतात आणि ‘डिप्रेशन’ हा शब्द आता फोंड्याच्या बाजारातही लोक न संकोचता उच्चारतात, याचा आनंद आहे. मात्र कोणी थकलेले, रडवेले दिसले की तोच एक शब्द त्याला चिकटवून आपण मोकळे होतो, आणि ओसीडी, म्हणजे मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात तो नकोशा विचारांचा आणि त्यापायी परत परत कराव्या लागणाऱ्या कृतींचा विकार, त्याआड वर्षानुवर्षे दडून राहतो. आमच्या घरात हेच झाले. माझ्या धाकट्या जावेच्या संमतीने ते लिहीत आहे.

झोप नाही, भूक मेलेली, डोळ्यांना सतत पाणी, म्हणून तिला आम्ही एका दवाखान्यात नेले. तिथे नैराश्याचे निदान झाले, गोळ्या मिळाल्या. आपले हात तिने पदराखाली झाकून ठेवले होते. साबणाने बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, पण हात कोणी पाहिले नाहीत आणि आम्हीही सांगितले नाही, कारण तिचे धुणेपुसणे आम्ही सोवळ्यात जमा केले होते. भर आषाढात, कपडे चार-चार दिवस वाळत नसताना, दोरीवरची चादर शेजारणीचा हात लागला म्हणून ती पुन्हा भिजवायची. रात्री दोन वाजेपर्यंत ओटा घासणाऱ्या बाईला झोप कुठून मिळणार, हे आमच्या लक्षातच आले नाही.

नैराश्यातल्या माणसाला स्वतःविषयीचे वाईट विचार खरे वाटतात. ‘मी कुचकामी आहे’ हे तो मनोमन मान्य करून बसतो आणि एरवीच्या आवडीच्या गोष्टींतूनही त्याचे मन उडते. मंत्रचळात विचार नको असताना घुसतो, बहुतेकांना तो अतिरेकी आहे हे कळत असते, तरीही जीव घाबरा होतो आणि तो घाबरेपणा शमवण्यासाठी धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात जप करणे भाग पडते. त्याने घडीभर बरे वाटते, मग शंका पुन्हा उभी राहते. तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होईल किंवा देवघरासमोर अभद्र काही मनात येईल, असल्या विचारांची तर लाजच इतकी वाटते की माणूस ते कोणालाच सांगत नाही. अशी झुंज वर्षानुवर्षे चालली की खरेखुरे नैराश्यही येते, दोन्ही विकार एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि नेमकी तिथेच गफलत होते.

ही गफलत महागात पडते. दोन्हींना बऱ्याचदा एकाच गटातल्या गोळ्या देतात, पण मंत्रचळात मात्रा सहसा जास्त लागते आणि परिणाम जोखायला ८ ते १२ आठवडे थांबावे लागते. आम्ही ‘गुण येत नाही’ म्हणून महिन्याभरात गोळ्या बंद केल्या. शिवाय हात धुण्याची ऊर्मी आली तरी न धुता थांबण्याचा, टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा सराव हा यावरचा मुख्य मानसोपचार. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली त्याचा पाया घातला, पण आम्हाला तो बांबोळीच्या मनोरुग्णालयात गेल्यावर प्रथम कळला. घरच्यांचे वागणेही बदलावे लागते. खचलेल्याला धीर द्यावा हे खरे, पण ‘वहिनी, गॅस बंद केला ना?’ या प्रश्नाला दिवसातून वीसदा ‘होय गो’ म्हणत मी तिचा आजारच पोसत होते.

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्यावर केलेले काम जगभर वाखाणले गेले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु नैराश्य चाचपण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नकोशा विचारांबद्दल किंवा पुनःपुन्हा कराव्या लागणाऱ्या कृतींबद्दल एकही प्रश्न नाही. ती त्यासाठी बनलेलीच नाही. म्हणून आरोग्य खात्याला विनंती आहे, की केंद्रांवर तिच्या जोडीने आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: नको असलेला एखादा विचार डोक्यात सारखा येतो का, आणि एखादी गोष्ट परत परत केल्याशिवाय चैन पडत नाही असे होते का? आणि विचारताना रुग्णाचे हात जरूर पाहावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा