पाठ केलेला निबंध म्हणजे लेखन नव्हे : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री यांस,
सादर नमस्कार.

तिसरी ते पाचवीच्या वर्गांत निबंध फळ्यावर लिहून दिला जातो, मुलं तो वहीत उतरवतात, पाठ करतात आणि परीक्षेत पुन्हा उतरवतात. विषय जरा बदलला की पेन्सिल थांबते. यात मुलांचा दोष नाही. लेखन शिकवायला वेळापत्रकात तास नाही आणि प्रश्नपत्रिकेत त्याला जागा नाही. आठवड्यात दोन जोडतास द्या, एवढीच पहिली मागणी.

त्यातला पहिला तास लेखकाची हातोटी पाहण्याचा. शंभरेक शब्दांचा उतारा पुरतो, अख्खा पाठ नको. शिक्षकांनी तो दोनदा मोठ्याने वाचावा, एकदा नुसता ऐकण्यासाठी आणि दुसऱ्यांदा मुलांच्या हाती पेन्सिल देऊन. ‘लेखकाला काय सांगायचे आहे?’ हा प्रश्न स्वाध्यायात असतोच. इथे विचारायचं ते ‘लेखकाने हे केलं कसं?’ पहिलं वाक्य हाताने झाकून पुढचं वाचा, काय हरवलं? लांब वाक्यांच्या मधेच तीन शब्दांचं वाक्य का आलं? ‘गेला’ऐवजी ‘सटकला’ का लिहिलं? एका तासाला एकच युक्ती घ्यावी. चार सांगितल्या तर एकही वापरली जात नाही.

दुसऱ्या तासाला तीच युक्ती वापरायला लावेल असा विषय हवा, आणि बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय इतका ऐसपैस आहे की मूल पाठ केलेल्या वाक्यांचाच आधार घेतं. त्याऐवजी असं द्या : ‘वर्गात यायला उशीर झाला. दारात उभं राहिल्यापासून जागेवर बसेपर्यंत काय झालं, तेवढंच लिहा. भीती वाटली हे लिहायचं नाही, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.’ मग ‘मी खूप घाबरलो’ याच्या जागी ‘दप्तराचा पट्टा मी दोन्ही हातांनी धरला होता’ असं वाक्य येतं. चौथीतल्या मुलाला हे सहज जमतं, मात्र आधी शिक्षकांनी त्याच विषयावर दोन-चार वाक्यं फळ्यावर, मुलांसमोर, खाडाखोड करत लिहायला हवीत. तयार उतारा दाखवला की मुलं तोच उतरवतात. त्यानंतर शेजाऱ्याशी पाच मिनिटं बोलणं, पंधरा मिनिटं लिहिणं, उरलेल्या वेळात तीन-चार जणांचं वाचन.

पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नको, हे आम्ही कळकळीने सांगतो. ऱ्हस्व-दीर्घाला गोल पडू लागले की मूल फक्त खात्रीचे शब्द वापरतं. ‘चाचपडत’ लिहायचं असतं तिथे ‘हळूहळू’ लिहून मोकळं होतं. शुद्धलेखन हवंच, पण पक्क्या खर्ड्यात. त्यासाठी वहीचं डावं पान कोरं ठेवावं. उपमा शिकवल्यावर मुलं प्रत्येक ओळीत ‘सारखा’ घालतात, तेव्हाही रागावू नये. ‘यातली एकच ठेव’ म्हणावं. कोणती ठेवायची हे ठरवताना मूल खरं शिकतं.

चाळीस वह्या कधी तपासायच्या, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. रोज आठ तपासल्या तर पाच दिवसांत होतात. शेरा दोनच ओळींचा : युक्ती कुठे साधली आणि वाचताना कोणता प्रश्न पडला. ‘छान’ या शेऱ्यातून मुलाला काहीच कळत नाही.

पहिली-दुसरीत हेच तोंडी व्हावं. मुलांनी सांगावं, शिक्षकांनी लिहून घ्यावं.

परीक्षा तशीच राहिली तर हे दोन तासही निबंध पाठ करण्यातच जातील. म्हणून दुसरी मागणी : निबंधाच्या प्रश्नात आधी न दिलेला, छोट्या प्रसंगाचा विषय असावा, दहा ओळी पुरेत. दहापैकी चार गुण शिकवलेल्या युक्तीला, तीन प्रसंग नीट उलगडण्याला, दोन नेमक्या शब्दांना आणि एक शुद्धलेखनाला द्यावा. अशा विषयांचे नमुने वर्ष सुरू होण्याआधी शाळांकडे पोहोचावेत आणि शिक्षक प्रशिक्षणात व्याख्यानाऐवजी शिक्षकांनाच त्यांवर पंधरा मिनिटं लिहायला बसवावं.

कळावे,
आपले,
प्राथमिक वर्गांना भाषा शिकवणारे शिक्षक