मिठाच्या पाण्यापाशी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस, "पहाटे तीनला उठून अडीचशे किलोमीटर गाडी चालवायची, ती एका जनावरासाठी? आणि नाव काय, तर मूस! मला सोनाराची मूस तेवढी माहीत." मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे ते काळजीत होते. म्हणून सावकाश लिहायला बसले.

हा शब्द इथल्या, कॅनडातल्या मूळ लोकांचा. त्यांच्या अल्गोंक्वियन भाषांमधून तो इंग्रजीत आला. झाडाची साल ओरबाडून खाणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. हरणांच्या कुळात याच्याहून मोठं कोणी नाही. बाबा, दाजीपूरचा गवा डोळ्यांपुढे आणा. वजनाला गवाच भारी भरेल, पण मूसचे पाय असे लांबलचक की मोठ्या नराचा खांदा माझ्या डोक्याच्याही वर जातो. कमरेएवढ्या बर्फातून चालायचं, तळ्यात उतरून पाणवनस्पती खायच्या, त्यासाठीच ते पाय. गव्याची शिंगं जन्मभराची. याची मात्र सांबरासारखी दर वर्षी गळतात आणि नवी येतात. ऐन वाढीच्या दिवसांत ती दिवसाला दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत वाढतात. तुम्ही मला दाजीपूरच्या वाटेवर गळून पडलेलं सांबरशिंग दाखवलं होतंत आणि उचलू दिलं नव्हतंत. "ते जंगलाचं आहे," म्हणालात. मी आठ वर्षांची असेन. हे वेड तिथूनच लागलंय.

मी जाते ते जंगल अल्गोंक्विन. १८९३ पासून राखलेलं, साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं. आपल्या राधानगरीसारखी वीस अभयारण्यं त्यात मावतील. १९८५ आणि १९८७ च्या हिवाळ्यात इथले ५९ मूस बेशुद्ध करून, हेलिकॉप्टरखाली झोळीत टांगून ट्रकपर्यंत आणले आणि अमेरिकेत मिशिगनला नेऊन सोडले, कारण तिथले जवळपास संपले होते. बाबा, हे वाचलं तेव्हा तुम्हाला लगेच फोन करावासा वाटला होता, पण तिकडे मध्यरात्र होती.

मूस दिसायचे खरे दिवस मे आणि जूनचे. गंमत म्हणजे तेव्हा तो आत रानात कमी आणि हमरस्त्याच्या कडेला जास्त दिसतो. याचं कारण आईला लगेच पटेल. हिवाळाभर त्याच्या पोटात नुसत्या काड्या आणि डहाळ्या जातात, त्यात मीठ जवळजवळ नसतंच. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर हिवाळाभर मीठ टाकतात. वसंतात ते वितळलेल्या पाण्याबरोबर कडेच्या चरांत साचतं आणि मूस ते प्यायला येतो. आजी गोठ्यात म्हशीपुढे खडेमीठ ठेवायची ना, तसं. पुढे तळ्यांत पाणवनस्पती वाढल्या की त्याला त्यांतून मीठ मिळतं, मग रस्त्यावरची गर्दी ओसरते.

गेल्या मे महिन्यात अशाच एका चरापाशी एक मादी आणि तिचं वर्षाचं पिल्लू पाहिलं. मी गाडीतच, काच अर्धी खाली. ती पाणी ओढताना होणारा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मान वर केली की लोंबत्या ओठावरून धार पडायची. खांद्यावरचे केस गेलेले, खाली फिकट कातडं. गोचिडांनी केलेलं. आई, म्हशीच्या कानामागच्या गोचिडांनीही तुझा जीव कळवळायचा. इथे एकेका मूसच्या अंगावर हिवाळाभर हजारो, कधी दहा-दहा हजारांवर गोचीड असतात. खाजवून खाजवून तो स्वतःचे केस उपटतो, थंडीत उघडा पडतो. बर्फ उशिरा पडला की गोचिडांचं आणखी फावतं. हे लिहितानाही वाईट वाटतंय.

ती गाभण होती. नवं पिल्लू व्हायची वेळ आली की मादी आदल्या वर्षीच्या पिल्लाला हुसकावून लावते. माहीत होतं, बघितलं नव्हतं. पिल्लू पाण्यापाशी आलं, तिनं कान मागे पाडले आणि धावून गेली. ते दहा पावलं गेलं, थांबलं, पुन्हा आलं. असं तीनदा. मग रस्ता ओलांडून एकटंच पलीकडच्या झाडीत शिरलं. रात्रभर माझ्या डोक्यातून ते जाईना. पुढच्या शनिवारी तिथून मैलभरावर मला ते दिसलं, डाव्या कानाची कड फाटलेली होती म्हणून ओळखलं. निवांत पाणी पीत होतं.

आता बाबांसाठी. एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. गेल्या ऑक्टोबरमध्ये पहाटेच्या अंधारात एक नर अचानक रस्त्यावर आला. अंग काळपट, आणि उंची अशी की दिव्यांच्या उजेडात नुसते पायच दिसले. गाडी दोन हातांवर थांबली. मी तिथेच कडेला बसून थरथरत होते. त्या दिवसापासून तीनला निघणं बंद केलं. आता आदल्या संध्याकाळी उजेडातच जंगलाजवळच्या हंट्सव्हिल गावी पोचते, तिथे राहते आणि फटफटल्यावरच निघते. मूस दिसला तरी गाडीतून उतरत नाही. त्यानं कान पाडले, मानेवरचे केस उभे केले, की निघून जायचं. काळजी करू नका म्हणत नाही, पण एवढं पाळते.

पुढच्या मेमध्ये तुम्ही दोघं या. आई, चालायचं नाही, गुडघ्यांना त्रास नाही. सगळं गाडीतून दिसतं. फक्त त्या दिवसांत काळ्या चावऱ्या माश्या फार असतात, म्हणून लांब बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे आणि तुझी ती मऊ ओढणी घे. बाबा, माळ्यावरची दाजीपूरची दुर्बीण आणा. पट्टा तुटलाय हे माहीत आहे, मी इथे नवा लावते.

तुमची,
मनू